एक नाव, दोन किल्ले

शाहजहानच्या काळातील फार्सी तवारिखा भाषांतरातून वाचणाऱ्या मराठी वाचकाची एका ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो. १६३१ मध्ये नासिरी खान या मोगल सरदाराने कंदहारचा किल्ला घेतला, असे त्याला आढळते. पुढे १६३८ च्या हकिकतीत अली मर्दान खान या इराणी सुभेदाराने कंदहार शाहजहानच्या स्वाधीन केले, असे वाचायला मिळते. सात वर्षांपूर्वी घेतलेला किल्ला पुन्हा कसा मिळाला? मधल्या काळात तो हातचा गेला असावा, असा तर्क करून वाचक पुढे जातो. मीही एकेकाळी असाच पुढे गेलो होतो, आणि वहीच्या समासात 'मधल्या काळात पुन्हा इराणकडे' अशी नोंदही करून ठेवली होती. नोंद सुसंगत होती, कालक्रमाला धरून होती. फक्त तीत सांगितलेली घटना कधी घडलीच नव्हती.

१६३१ चे कंदहार म्हणजे नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, मन्याड नदीच्या परिसरात वसलेले आपले कंधार. १६३८ चे कंदहार अफगाणिस्तानातले. फार्सी लिपीत दोन्ही नावे काफ, नून, दाल, हे, अलिफ, रे अशा त्याच सहा अक्षरांनी लिहिली जातात. जाणकार लेखक फरक दाखवण्यासाठी 'कंदहार-इ-दकन' असे लिहीत. पण प्रत्येक वेळी त्यांना त्याची गरज वाटत नसे, कारण त्यांचा समकालीन वाचक संदर्भावरून ओळखत असे. तवारीखकार अपुरे लिहीत नव्हता. मी अपुरे वाचत होतो. त्याने गृहीत धरलेली माहिती माझ्याजवळ नव्हती, आणि ती नाही हेही मला ठाऊक नव्हते.

अपुऱ्या ज्ञानाचा धोका नेमका कशात असतो, हे या छोट्या प्रसंगातून मला प्रथम कळले. ज्याला काहीच ठाऊक नसते तो थांबतो, कोणाला तरी विचारतो. ज्याला थोडे ठाऊक असते तो मधली मोकळी जागा स्वतःच भरून काढतो, आणि भरलेली जागा मूळच्या मजकुराइतकीच खरी दिसू लागते. कंधारचा इतिहास हा अशा भरलेल्या जागांचे एक लहानसे संग्रहालयच आहे. म्हणून या विषयाचा विचार त्या गावाच्या आधाराने करावासा वाटतो.

प्रथम दोन किल्ल्यांची गुंतागुंत पाहू. अफगाणिस्तानातले कंदाहार १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने जहांगीराकडून घेतले, १६३८ मध्ये ते मोगलांना परत मिळाले आणि १६४९ मध्ये पुन्हा गेले. ते सोडवण्यासाठी मोगलांनी १६४९, १६५२ आणि १६५३ असे तीन वेढे घातले. पहिले दोन औरंगजेबाने, तिसरा दारा शुकोहने. तिन्ही फसले. दख्खनचे कंधार मात्र निजामशाहीचा किल्ला होते. १६२९ नंतर शाहजहानने निजामशाहीविरुद्ध जी मोहीम उघडली, तिच्यात ते मोगलांकडे आले. १६३६ मध्ये दख्खनच्या मोगली मुलखाचे चार सुभे मानले गेले, त्यांतील तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेड आणि किल्ला कंधार. या चारही सुभ्यांचा कारभार त्या वर्षी कोणाकडे सोपवला गेला? औरंगजेबाकडेच. एवढ्यावरही योगायोग संपत नाही. १६५२ मध्ये अफगाण कंदाहारपुढे अपयश घेऊन परतलेल्या औरंगजेबाची नेमणूक पुन्हा दख्खनवर झाली. म्हणजे एक कंदहार ज्याला घेता आले नाही, तोच दुसरे कंदहार ज्या मुलखात आहे त्या मुलखाचा दुसऱ्यांदा सुभेदार झाला. नाव एक, काळ एक, माणूसही एक. घोटाळा व्हायला याहून अनुकूल परिस्थिती कोणती असणार?

येथे आणखी एक शब्द वाटेत उभा आहे: तेलंगण. सतराव्या शतकातील कागदात नांदेड आणि कंधार तेलंगणात आहेत असे वाचून आजचा वाचक २ जून २०१४ रोजी स्थापन झालेल्या राज्याचा नकाशा मनात आणतो. मोगली दप्तरातले तेलंगण ही महसुलाची आणि कारभाराची विभागणी होती. भाषेचा वा लोकसमूहाचा दाखला म्हणून ती वापरणे म्हणजे जुन्या कुलपाला नवी किल्ली लावणे होय. शब्द तोच राहतो आणि त्याखालची जमीन सरकते. ज्याला केवळ शब्द ठाऊक असतो, त्याला हे सरकणे जाणवत नाही.

नावाच्या साम्याने माणूस अलीकडच्या काळातच फसतो असे नाही. तो जितका मागे जाईल तितका अधिक फसतो. कंदाहार म्हणजे गांधार, गांधार म्हणजे गांधारीचे माहेर, असे समीकरण आपल्याकडे सर्रास मांडले जाते. प्राचीन गांधार हा प्रदेश मुख्यतः पेशावरचे खोरे आणि तक्षशिलेचा परिसर यांत होता. आजचे कंदाहार ज्या भागात आहे त्याला ग्रीक लेखक अराकोशिया म्हणत. 'कंदाहार' हे नाव गांधारावरून आले की सिकंदराच्या नावावरून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समीकरण एकदा मनात बसले की त्याला मतभेद मानवत नाहीत, आणि मग ते मराठवाड्यातल्या कंधारालाही आपल्या ओढीत घेते. १९५८ मध्ये कंदाहारजवळ सम्राट अशोकाचा ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषांतील लेख सापडला. 'कंधार येथील अशोकाचा लेख' असे एक वाक्य एखाद्या टिपणात शिरले, की तो नांदेड जिल्ह्यात शोधायला निघणारा विद्यार्थी दोषी म्हणता येणार नाही. त्याने वाचले ते वाक्य खरेच आहे. फक्त ते दुसऱ्या गावाचे आहे.

मग आपल्या कंधारचे नाव आले कोठून? आख्यायिका या गावाला पांचालपुरी म्हणते आणि पांडवांशी त्याचा संबंध जोडते. आख्यायिकेला तिच्या जागी मान आहे. लोकांनी आपल्या गावाकडे कसे पाहिले हे ती सांगते. परंतु शिलालेखांच्या अभ्यासाने दुसरी वाट दाखवली. 'कृष्ण' या नावाची कन्हर, कन्नर, कंधर अशी रूपे मध्ययुगीन दख्खनमध्ये रूढ होती. लीळाचरित्र वाचणाऱ्याला यादव राजा कृष्ण हा कान्हरदेव म्हणून भेटतोच. राष्ट्रकूट वंशातही कृष्ण नावाचे तीन राजे झाले. तेव्हा कंधारपूर म्हणजे कृष्णाचे पूर, अशी व्युत्पत्ती मांडली गेली आणि ती सयुक्तिक वाटते. येथे सावध राहण्याजोगी गोष्ट ही, की 'कंधर' हे एकाच वेळी माणसाचे आणि गावाचे नाव असू शकते. लेखात तो शब्द दिसला म्हणजे गावच अभिप्रेत आहे असे समजून चालत नाही. लीळाचरित्र ज्याने वाचले आहे आणि कोरीव लेख वाचलेले नाहीत, किंवा कोरीव लेख वाचले आहेत आणि लीळाचरित्र वाचलेले नाही, अशा दोघांनाही हा शब्द अर्धाच कळतो.

कंधारला तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी जोडणारा शिलालेख सापडला, तेव्हा या गावाचे दहाव्या शतकातील रूप प्रथमच दिसू लागले. तिसऱ्या कृष्णाची कारकीर्द ९३९ ते ९६७. त्या लेखात जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख येतो, देवालयांची नावे येतात, त्यांना दिलेल्या दानांचा तपशील येतो, आणि क्षेत्रपालाचाही उल्लेख येतो. आता या शेवटच्या उल्लेखाजवळ क्षणभर थांबावे. कंधार आणि लगतच्या मानसपुरीच्या परिसरात एका अतिप्रचंड पाषाणमूर्तीचे तुकडे विखुरलेले आहेत. मूर्ती अखंड असताना केवढी असेल, हे केवळ पावलाच्या मापावरून मनाशी आणले तरी पाहणारा थक्क होतो. हे अवशेष क्षेत्रपालाचे, असे अभ्यासक मानतात.

लेख नसता तर हे दगड एखाद्या राक्षसाच्या कथेला पुरले असते. दगड नसते तर लेखातला क्षेत्रपाल म्हणजे वेशीवरचे एखादे छोटेसे ठाणे, असे समजून आपण पुढे गेलो असतो. दोन्ही अपुरे पुरावे शेजारी ठेवल्यावरच मोठी गोष्ट उभी राहिली. आणि तरीही ती पूर्ण नाहीच. पाऊल पाहून उंचीचा अंदाज करता येतो, मुद्रेचा करता येत नाही. ज्याला मूर्तिशास्त्र ठाऊक आहे तो तुकड्याच्या कडेकडे पाहतो: दगड कोठे तुटला आहे, कोठे घडवलेला पृष्ठभाग संपतो. ज्याला ते ठाऊक नाही त्याला तुकडा हीच एक वस्तू वाटते. संपूर्ण मूर्ती दोघांपैकी कोणाच्याही समोर नाही. फरक आहे तो तुटलेली कड ओळखता येते की नाही, एवढाच.

ही कड न ओळखल्याने मोठ्या विद्वानांचीही दिशा चुकते. राष्ट्रकूटांच्या बिरुदांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' अशा धर्तीचे बिरुद येते. अमोघवर्षाच्या काळातील शिरूर आणि निलगुंद येथील ८६६ च्या लेखांत ते आहे. हे लट्टलूर कोठले? इंग्रजी अमदानीत दख्खनच्या कोरीव लेखांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्या जॉन फ्लीट यांनी ते प्रथम आजच्या छत्तीसगडातील बिलासपूरजवळच्या रतनपुराशी जुळवले. फ्लीट यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निजामाच्या राज्यात, कंधारपासून फार दूर नसलेले लातूर नावाचे गाव आहे, आणि लट्टलूर या शब्दाचे लातूर होणे अत्यंत स्वाभाविक आहे, ही साधी गोष्ट त्या तर्कात बसलेली नव्हती. पुढे लातूरचा पक्ष पुढे आला; अ. स. आळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील १९३४ च्या आपल्या ग्रंथात तोच स्वीकारला आणि आज तो सर्वमान्य आहे. रतनपूर मानल्याने केवळ एका गावाची जागा चुकत नव्हती. एका राजवंशाचे मूळ घरच मराठवाड्यातून उचलून शेकडो मैल दूर नेले जात होते.

मराठवाड्याच्या बाबतीत असे वारंवार होण्याला एक कारण आहे. या प्रदेशाची साधने एका भाषेत नाहीत. प्राचीन काळाची संस्कृत, प्राकृत आणि कन्नडात. नंतरची मराठीत, मोडीत आणि फार्सीत. निजामाच्या अखेरच्या पर्वातली उर्दूत. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली आणि एकाच मुलखाचा अभ्यास तीन राज्यांच्या विद्यापीठांत वाटला गेला. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा अस्सल होता. प्रत्येकाने त्यालाच मूर्ती मानले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल असे उदाहरण पुन्हा तिसऱ्या कृष्णाचेच देता येईल. या राजाने पोन्न या कन्नड कवीला 'उभयकविचक्रवर्ती' ही पदवी दिली. त्याच राजाच्या काळात, त्याच्या मान्यखेट या राजधानीत, मंत्री भरताच्या आश्रयाने पुष्पदंत अपभ्रंशात महापुराण रचत होता. ते ९६५ मध्ये पुरे झाले. पुष्पदंत आपल्या राजाला तुडिग म्हणतो. त्याच राजाचे मांडलिक असलेल्या वेमुलवाडच्या चालुक्यांच्या छत्राखाली सोमदेवसूरीने ९५९ मध्ये यशस्तिलक हे संस्कृत चंपूकाव्य पूर्ण केले. त्या वेळी कृष्णाचा तळ मेलपाटीला होता असे तो सांगतो, आणि त्याच वर्षीचा कऱ्हाडचा ताम्रपट ही गोष्ट पक्की करतो. केवळ पोन्न वाचणारा म्हणेल, हा कन्नड राजा. केवळ पुष्पदंत वाचणारा म्हणेल, हा अपभ्रंशाचा आश्रयदाता. केवळ सोमदेव वाचणाऱ्याला तो संस्कृत परंपरेतला चक्रवर्ती दिसेल. आणि 'तुडिग' हे नाव ज्याने कधी ऐकलेलेच नाही, तो महापुराणातला राजा निराळाच कोणी समजून बसेल. डॉ. प. ल. वैद्य यांनी महापुराण संपादून प्रसिद्ध केले नसते, तर आपल्यापैकी बहुतेकांना या राजाची ही बाजू कळलीच नसती.

अपुरे ज्ञान केवळ अभ्यासिकेत राहिले तर त्याने होणारे नुकसान मर्यादित असते. ते वादाच्या व्यासपीठावर येते तेव्हा भीती वाटते. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड नाडू कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरलेला आहे असे विधान आहे. कंधार गोदावरीच्या दक्षिणेस असल्याने ते या सीमेच्या आत येते. हे विधान एकीकडे अभिमानाने उद्धृत होते, दुसरीकडे रागाने नाकारले जाते. दोन्ही पक्ष बहुधा तेवढेच विधान वाचून थांबलेले असतात. त्याच ठिकाणी ग्रंथकार पुढे सांगतो, की खऱ्या कन्नडचे गाभ्याचे क्षेत्र किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद या चार ठिकाणांच्या दरम्यान आहे. म्हणजे आजचे पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर आणि त्यांच्या आसपासचा टापू. व्यापक प्रदेश आणि गाभा यांतला भेद स्वतः ग्रंथकाराने केलेला आहे. अर्ध्या उताऱ्यावर हक्क सांगणाऱ्याने आणि अर्ध्या उताऱ्यावर चिडणाऱ्याने, दोघांनीही त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेले नाही.

आपली बाजूही या दोषातून मुक्त नाही. उद्योतनसूरीच्या ७७९ मधील 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या नाना देशींच्या व्यापाऱ्यांत मराठी बोलणाऱ्यांचे वर्णन येते. मराठीच्या प्राचीनतेचा तो मोलाचा दाखला आहे, यात शंका नाही. पण तो ग्रंथ राजस्थानातील जालोरला लिहिला गेला. त्यावरून आठव्या शतकात मराठी ही ओळखू येण्याजोगी भाषा होती एवढे सिद्ध होते, मन्याडच्या काठी कोण काय बोलत होते हे सिद्ध होत नाही. त्या काठी बहुधा एकाहून अधिक भाषा नांदत असाव्यात. एकाच राजाच्या छायेत कन्नड, अपभ्रंश आणि संस्कृत अशा तीन भाषांत श्रेष्ठ काव्य निर्माण होऊ शकते, हे वर पाहिलेच.

मराठीत 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' असा वाक्प्रचार आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातही हाच विचार येतो: अडाण्याला समजावणे सोपे, जाणत्याला त्याहून सोपे, पण ज्ञानाच्या एका कणाने फुगलेल्याला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही. नीतिशतक मराठीत आणणारे म्हणून आपण वामन पंडितांचे नाव घेतो, आणि वामन नावाचे कवी एक की अनेक हा आपल्या वाङ्मयेतिहासातला जुना वाद आहे. तेव्हा नामसाम्याने येथेही आपली पाठ सोडलेली नाही. इंग्रजीत हाच विचार अलेक्झांडर पोप याच्या १७११ मधील टीकाविषयक काव्यातून प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की तो बहुतेक वेळा चुकीच्या शब्दांत आणि अर्धाच सांगितला जातो. पोपने नुसता इशारा देऊन सोडले नव्हते, उपायही सांगितला होता: प्यायचे तर पोटभर प्या, नाहीतर ओठही लावू नका.

मला वाटते, इतिहासाच्या अभ्यासकाला पोपचा हा उपाय उपयोगाचा नाही. कंधारच्या क्षेत्रपालाविषयी पोटभर ज्ञान कोणालाही मिळणार नाही. त्यातले बरेचसे काळाने नेलेले आहे. म्हणून ओठच लावायचे नाहीत असे ठरवले तर इतिहास लिहिताच येणार नाही. आपले ज्ञान अपुरेच राहणार आहे, हे मान्य करून चालणे भाग आहे. मग दोन अभ्यासकांत फरक उरतो तो एवढाच, की आपल्या माहितीची तुटलेली कड कोठे आहे हे कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही. लट्टलुराविषयीचा पहिला तर्क चुकला तरी तो तर्क म्हणून, पुराव्यासह मांडलेला होता, म्हणूनच तो दुरुस्त होऊ शकला. माझ्या वहीतली नोंद मात्र तर्क आहे असे कोठेच म्हणत नव्हती. ती घटना म्हणून लिहिलेली होती.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना उत्तरे देतो. त्या उत्तरांच्या कडाही दाखवायला हव्यात. 'राष्ट्रकूट कन्नड होते' किंवा 'राष्ट्रकूट मराठी होते' असे एक वाक्य परीक्षेला पुरते. पण हे कोणत्या लेखावरून, तो लेख किती शाबूत आहे, त्याच काळातल्या दुसऱ्या भाषेत काय सापडते, हे तीन प्रश्न त्या वाक्याला जोडले नाहीत तर आपण विद्यार्थ्याच्या हाती हळकुंडाचा अर्धा तुकडाच ठेवतो. हे प्रश्न विचारायला पाच भाषा याव्या लागतात असे नाही. आपल्याला न येणाऱ्या भाषेत आपल्याच गावाविषयी काही लिहिलेले असू शकते, एवढी जाणीव प्रारंभाला पुरते.

ती जुनी वही अजून माझ्याजवळ आहे. समासातली नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नंतरच्या शाईने एवढेच लिहिले आहे: 'हे कंदहार दोन. १६३१ चे आपले.'